पट्टा कशाचा आहे?

गेल्या महिन्यात आमच्याकडे नवीन वॉशिंग मशीन घ्यायचं ठरलं. मुलगा, सून आणि नात आठवडाभर फोनमध्ये डोकं घालून मशीनं बघत होते. किती किलोचं, समोर दार असलेलं की वर झाकण असलेलं, यावर जेवताना चर्चा झडत होती आणि मी मुकाट्याने आमटी भुरकत होते. जिने उभ्या हयातीत हाच धंदा केला आणि उज्जैनमध्ये बहुधा पहिलं विजेचं वॉशिंग मशीन विकलं, तिला कोणी एका शब्दाने विचारलं नाही. 'बहुधा' म्हणते, कारण एखाद्या जहागीरदाराने विलायतेहून परस्पर आणलं असेल तर मला ठाऊक नाही. पण दुकानात येऊन, निवडून, घरात वाद घालून घेतलेलं ते पहिलंच.

शेवटी फ्रीगंजमधल्या काचेच्या शोरूममध्ये मला नेलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि गप्प बसवलं. टाय लावलेला विक्रेता सुनेला माहिती देत होता. बोलत चांगला होता, पण थांबत नव्हता. गिऱ्हाईक मशीनवर हात ठेवतं त्या क्षणी आपण बोलणं थांबवायचं असतं, हे त्याला कोणी शिकवलं नसावं. सगळं सांगून झाल्यावर तो अदबीने माझ्याकडे वळला.

"आंटीजी, आपको कुछ पूछना है?"

"पट्टा किसका है?" मी विचारलं.

"जी?"

"मोटर से ड्रम तक जो पट्टा जाता है, वो किस चीज का है?"

तो हसला. "आंटीजी, इसमें पट्टा है ही नहीं. मोटर सीधे ड्रम को घुमाती है."

पट्टाच नाही! मी मान डोलावली आणि सुनेला म्हटलं, "घे मग." रिक्षात नातीने विचारलं, "आजी, मधेच पट्ट्याचं काय काढलंस?" मी म्हटलं, सवय. ते काही खरं नव्हतं. खरं इथे लिहिते, कारण ज्यांच्यापासून ते लपवायचं होतं त्या शरयूवहिनी गेल्या वर्षी वारल्या.

मी केवलराम सेठच्या दुकानात लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. सेठ सिंधमधले. फाळणीत तिकडचं विजेच्या सामानाचं भरलेलं दुकान सोडून आले होते. येताना कोटाच्या खिशात विलायती यंत्रांचा एक इंग्रजी कॅटलॉग तेवढा राहिला होता. तो त्यांनी फ्रीगंजच्या दुकानात गल्ल्यामागे, देवाच्या तसबिरीशेजारी ठेवला होता. दुकानात पंखे, रेडिओ, इस्त्र्या आणि शिवणयंत्रं होती. शिवणयंत्रं बायकांना दाखवायला बाई हवी म्हणून त्यांनी मला ठेवलं. माझे वडील रेल्वेत मालधक्क्यावर कारकून होते. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, "बायकांशीच बोलायचं आहे ना? मग जा. पुरुष गिऱ्हाईक आलं तर पंख्याकडे बघ." पुढे किती पुरुष गिऱ्हाइकांशी मी हुज्जत घातली याचा हिशेब त्यांना कधी दिला नाही.

शिवणयंत्र विकायचं एक ठरलेलं बोलणं सेठनी मला पाठ करून घेतलं होतं. चाक दाखवायचं, सुई दाखवायची, टाका दाखवायचा आणि शेवटी खाली वाकून पायाचा पट्टा बोटाने ताणून म्हणायचं, "असली चमडे का पट्टा है, बीस साल देखना नहीं." मराठी बाई असली की तेच मराठीत. बाया पट्टा ओढून बघायच्या आणि समाधानाने माना हलवायच्या. हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं होतं की झोपेतही म्हटलं असतं. त्याच वाक्याने पुढे माझा घात केला.

मग एके दिवशी मुंबईहून दोन पेटारे आले. सेठ सकाळपासून दुकानात येरझाऱ्या घालत होते. एकात होतं जस्ताचं पिंप, वर लाकडी दांडा. कपडे आत टाकून दांडा वीस मिनिटं पुढेमागे करायचा. दुसऱ्यात विजेचं मशीन. पांढरंशुभ्र, चार चाकांवर उभं, आत मधोमध हेलकावे खाणारा पंखा आणि वर कपडे पिळायला दोन रबरी रूळ. कुठल्याशा गोऱ्या साहेबाने मागवलेलं, तो मायदेशी निघून गेला म्हणून गोदामात पडून राहिलेलं. इतकी वर्षं पडून आतला रबरी पट्टा वाळून तुटला होता. त्या मापाचा रबरी पट्टा मुंबईतही मिळेना. आमचा मिस्त्री बाबूलाल आधी कापडाच्या मिलमध्ये फिटर होता. त्याने चामड्याचा पट्टा कापून, शिवून बसवला आणि मशीन घुंघुं करत सुरू झालं. सेठच्या डोळ्यांत पाणी आलं. तिकडच्या दुकानात त्यांनी असलीच मशीनं विकली होती.

पण उज्जैनमध्ये ते घेतो कोण? सहा महिने लोक नुसते बघायला आले. एक वकील दर रविवारी पाहुणे घेऊन यायचे आणि मलाच समोर उभं करून मशीन कसं चालतं ते मला समजावून सांगायचे. भैरवगढचा एक म्हातारा छिपा आला होता, ठसे मारून कापड रंगवणारा. त्याचा जन्म नदीत कापड धुण्यात गेलेला. त्याने पाव तास पंख्याचे हेलकावे पाहिले आणि म्हणाला, "बेटी, ये कपडा धोता तो है, पर कपडे को सोचने नहीं देता. हमारा माल इसमें मत डालना." त्यानेच मला शिकवलं की कच्च्या रंगाची साडी ओळखायची तर ओला पांढरा रुमाल तिच्या काठावर घासून बघावा. पुढे कितीतरी बायकांच्या साड्या मी या एका युक्तीवर वाचवल्या.

सेठ म्हणायचे, "मशीन मत बेच बेटा. सुबह के दो घंटे बेच." आणि मी त्यात माझी भर घातली. मशीन निवडताना मशीन बघायचं नसतं, न्हाणीघर बघायचं असतं. पाणी कुठून येतं, कुठे जातं, पिळलेलं बोचकं कोण उचलतं, वाळत घालायची दांडी किती उंच आहे. हे पाहिलं की त्या घराला कुठलं मशीन चालेल ते आपोआप कळतं. म्हणून विक्रीआधी मी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन न्हाणीघर बघून यायची. शहाणी समजत होते स्वतःला.

देवळ्यांचं घर फ्रीगंजच्या मागच्या ओळीत होतं. भास्करराव देवळे मध्य भारत सरकारच्या एका खात्यात हेडक्लार्क. घरात त्यांचे आईवडील माई आणि अण्णा, दोन धाकटे भाऊ, दोन मुलं आणि बायको शरयू. भास्करराव टेबल फॅन घ्यायला आले होते. ते पंख्यांशी खेळत बसले आणि शरयूवहिनी कोपऱ्यातल्या पांढऱ्या मशीनपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी त्यावर हात ठेवला. बोटांच्या पेरांवर सोड्याने भेगा पडल्या होत्या, दोन बोटांना चिंधी बांधलेली.

"एका वेळी किती धोतरं?" त्यांनी विचारलं.

"चार. पाऊण तासात तुमचं सगळं धुणं होईल."

"म्हणजे नऊच्या आत?"

"साडेआठला बसलात तर सव्वानऊ."

त्या एकदम माझ्या जवळ आल्या. "शिक्षिकांच्या ट्रेनिंगला माझं नाव लागलंय. दहाला वर्ग असतो. माईंनी परवानगी दिली आहे, पण सगळं धुणं दांडीवर चढलं की मग. हाताने बारा वाजतात. या महिन्यात जमलं नाही तर नाव कापतील, तिथल्या बाई म्हणाल्या." हे सांगताना त्यांचा हात मशीनवरच होता. मी काही बोलले नाही. त्या दिवशी भास्कररावांनी पंखा घेतलाच नाही, मशीनची किंमत विचारून गेले.

दुसऱ्या दिवशी मी न्हाणीघर बघायला गेले. नळ होता, मोरी उताराची होती, विजेची वायर आणता येत होती. नळाच्या शेजारी विहिरीच्या पाण्याने भरलेल्या दोन घागरी झाकून ठेवलेल्या दिसल्या. मनात आलं, नळ असताना विहीर कशाला उपसतात? नळाला पाणी कमी येत असेल, असं मानून मी पुढे गेले. मीच लोकांना सांगायची की न्हाणीघर बघा, आणि मीच ते नीट बघितलं नाही.

रविवारी हातगाडीवरून मशीन नेलं. पंधरा दिवस वापरून बघा, नाही पटलं तर परत, असा सेठचा शिरस्ता होता. सगळं घर अंगणात जमलं. अण्णा पोथी घेऊन लांब खुर्चीवर बसले. माई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. साठी उलटलेल्या, गुडघे धरलेले, पण नजर अशी की कपाटातली वाटी हलली तरी कळावं. त्या घरी सोवळं कडक. पूजेची आणि स्वयंपाकाची वस्त्रं आंघोळ करून ओलेत्याने धुवायची, काठीने उंच दांडीवर टाकायची, वाळली की काठीनेच काढायची, आणि मधे कोणी शिवायचं नाही. माईंच्या गुडघ्यांमुळे हे सगळं शरयूवहिनींकडे आलेलं.

"सोवळ्याला साबण चालत नाही हो आमच्यात," माई म्हणाल्या.

"रिठ्याचं पाणी टाका, माई. मशीनला काय, काहीही चालतं."

"आणि हे रूळ कशाचे?"

"रबराचे."

"रबर म्हणजे झाडाचा चीक. चालेल. अन् वीज? वीज तर आभाळातलीच न. तिला काय विटाळ होणार आहे!" अण्णा लांबून हसले. माईही हसल्या. शरयूवहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की मला वाटलं, झालं, जिंकलं. मी जोशात आले. मशीनचं मागचं झाकण उघडलं.

"आतलं पण दाखव बरं," माई वाकून म्हणाल्या. "हा पट्टा कशाचा आहे?"

आणि मी बोटाने पट्टा ताणून, छाती पुढे काढून म्हटलं, "असली चमड्याचा, माई! वीस वर्षं बघायला नको."

अण्णांनी पोथी मिटली. माई सरळ झाल्या, दोन पावलं मागे सरकल्या आणि नळाकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाल्या, "पोरी, या नळाच्या आत चमड्याची चकती आहे. म्हणून मी देवाला अन् सोवळ्याला नळाचं पाणी घेत नाही. पंधरा वर्षं विहिरीचं ओढते आहे. अन् तू चमड्याच्या पट्ट्यावर माझ्या देवाची वस्त्रं फिरवणार?"

दोन झाकलेल्या घागरी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. अंग चोरून कुठे जावं कळेना.

माई संतापल्या नव्हत्या, हेच वाईट होतं. उलट त्यांनी तोडगाही काढला. "तुमच्याकडे ते दुसरं आहे न, दांड्याचं? भास्कर सांगत होता. त्याला पट्टा-बिट्टा नाही. तेच घेऊन टाकू. स्वस्तही आहे."

घरातले सगळे हो म्हणाले. एका परीने सेठचा त्यातच फायदा होता. अडगळीतला माल गेला असता. पण तो दांडा वीस मिनिटं एका खेपेला, चार खेपा, पुन्हा पिळायचं हातानेच. दांडा कोण हलवणार होतं? शरयूवहिनी खाली बघून चिंधी सोडत-बांधत होत्या. मला राहवलं नाही. "माई, पट्टा बदलून देते," मी म्हटलं. "कापडाचा. सुती. दोन दिवस द्या."

बाबूलालने मिलमधल्या ओळखीने जाड कॅनव्हासची पट्टी मिळवली. तिथे यंत्रांना तसलेच पट्टे असत. त्याने ती दुहेरी करून शिवली. माईंनी ती आधी हातात घेऊन पाहिली, विहिरीच्या पाण्यात बुडवली, उन्हात वाळवली, मग बसवू दिली. चामड्याचा पट्टा बाबूलालच्या पिशवीत गेला. मशीनच्या टाकीत शिप्रेचं पाणी शिंपडून झालं. पुढच्या सोमवारी शरयूवहिनी पावणेदहाला छत्री घेऊन वर्गाला निघालेल्या मी दुकानाच्या दारातून पाहिल्या. त्यांनी छत्री जराशी वर करून मला खूण केली. सेठ म्हणाले, "देखा? दो घंटे बिक गये."

कॅनव्हासचा पट्टा पहिल्या दिवसापासून कुईकुई करत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी शरयूवहिनींचा धाकटा दीर सायकलवर धापा टाकत आला. मशीन अडलं होतं. मी आणि बाबूलाल धावत गेलो. टाकी कपड्यांनी आणि पाण्याने भरलेली, मोटर फिरतेय आणि पंखा ढिम्म. शरयूवहिनी ओल्या पदराने उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांना वर्गात पहिला पाठ शिकवून दाखवायचा होता. परीक्षक बाई येणार होत्या. माई देवघरात होत्या.

"तुम्ही आत जाऊन तयारी करा," मी वहिनींना म्हटलं. "पाच मिनिटांत चालू होतं."

त्या आत गेल्यावर बाबूलाल पट्ट्याला हात लावून माझ्याकडे वळला. "बई, यो तो भीगी ने ढीलो हुई ग्यो. अब रोज फिसलेगो." मग हळूच म्हणाला, "चमडा को थैला में हे. लगई दूँ?"

खरं तर तो निर्णय घेण्याचा मला काही अधिकार नव्हता. मी माईंना शब्द दिला होता. पण मला दिसत होती ती छत्री. मी देवघराच्या दाराकडे पाहिलं, आतून घंटेचा आवाज येत होता. मी म्हटलं, "लगा दो."

दोन मिनिटांचं काम. मशीन आवाज न करता गुळगुळीत चालू लागलं. बाबूलाल मागच्या दाराने निघाला, तोवर माई बाहेर आल्या. मी मशीनपाशीच उभी होते.

"झालं का ग ठीक?"

"झालं, माई."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि मला चहा घेऊन जा असं सांगून तुळशीला पाणी घालायला गेल्या. पावणेदहाला छत्री निघाली. मी मनात म्हटलं, चामडं कपड्याला कुठे लागतंय, ते तर पत्र्याच्या पलीकडे आहे. धंद्यात असल्या समजुती आपल्या आपण घालाव्या लागतात.

पंधरा दिवसांनी मशीन पक्कं झालं. वर्षभर मी अधूनमधून देवळ्यांकडे जात होते, तेल घालायला, रूळ पुसायला. शरयूवहिनींच्या बोटांच्या भेगा बुजल्या होत्या. एक गोष्ट मात्र मजेशीर वाटे. माई न्हाणीघराच्या बाहेर पाटावर बसून स्वतःचं आणि अण्णांचं सोवळं हाताने धुवत असत. आधी हे काम सुनेचं होतं. शेजारी मशीन चालू आणि या रिठ्याच्या पाण्यात धोतर चुबकतायत. उठताना भिंतीला धरून उठत. मी विचारलं तर म्हणाल्या, "हाताला काही चाळा नको का? नुसतं बसून गुडघे अजूनच धरतात." शरयूवहिनी म्हणायच्या, "काही सांगू नका हो, माईंना मशीनचा भरवसाच नाही."

या गोष्टीचा मी धंद्यात उपयोग केला, हे लिहायला आता हात जड होतो. दुकानात एखादी का-कू करणारी सासूबाई आली की मी रंगवून सांगायची, आमच्या एक माई आहेत, घरात मशीन असून पाटावर बसून धोतरं आपटतात. बाया हसायच्या. कोणालाच त्या माईसारखं दिसायचं नसे, मग सौदा लवकर जमे. मुंबईहून मागवलेली पुढची तीन मशीनं मी याच गोष्टीवर विकली. सेठ पाठ थोपटायचे. मलाही माझ्या हुशारीचं फार कौतुक होतं.

मग राज्यं बदलली. मध्य भारत जाऊन नवीन मध्य प्रदेश होणार, राजधानी भोपाळला, असं ठरलं आणि निम्म्या फ्रीगंजच्या घरांत पेटारे बांधायला सुरुवात झाली. चहाच्या टपरीवर कोण कुठे चाललं याच्या याद्या होत. भास्कररावांची बदली भोपाळला झाली. त्याच सुमारास शरयूवहिनींचा निकाल लागला, आणि भोपाळला नव्या सरकारी वसाहतीतल्या शाळेत त्यांना जागा मिळाली. त्या पेढे घेऊन दुकानात आल्या. "परीक्षेला जुन्या राज्याचा नकाशा काढला, आता शिकवायला नवा काढावा लागणार," म्हणाल्या, आणि सेठच्या पाया पडल्या. सेठ इतके गडबडले की पेढा हातातच राहिला.

मशीन ट्रकमधून जाणार, म्हणून त्यातलं पाणी काढून, पंखा बांधून द्यायला मी गेले. घर रिकामं झालं होतं. पुरुष बाहेर सामान चढवत होते, शरयूवहिनी आत भांडी गुंडाळत होत्या. माई ओसरीवर एकट्या एक मोठी वळकटी बांधायच्या खटपटीत होत्या. मी मदतीला वाकले आणि तशीच थांबले.

वळकटीभोवती कॅनव्हासची पट्टी होती. दुहेरी, मिलची, बाबूलालच्या जाड दोऱ्याने शिवलेली, आता जोडावर कापून मोकळी केलेली. मी ती ओळखली नसती तर नवल.

माईंनी वर पाहिलं. "त्या दिवशी तुमचा मिस्त्री न्हाणीघराच्या कोपऱ्यात टाकून गेला होता. दुपारी सापडली."

माझ्या तोंडून निघालं, "माई, मग तुम्ही..."

"तुला मी एकदा विचारलं होतं, पट्टा कशाचा आहे. तू खरं सांगितलंस." त्या पट्टीवरची धूळ झटकत होत्या. "पुन्हा विचारलं असतं तर पुन्हा खरंच सांगितलं असतंस. तुझा चेहरा काही लपवायचा नाही. मग मला मशीन परत पाठवावं लागलं असतं. म्हणून विचारलं नाही."

"पण तुमचं सोवळं..."

"माझं अन् यांचं मी धुतलं न हाताने. त्या दिवसाचं पण परत धुतलं." त्यांनी पट्टी वळकटीखालून ओढून घेतली. "त्या दिवशी ती पाठ देऊन आली. रात्री वाढता वाढता सगळा पाठ मला म्हणून दाखवला. शिप्रा चंबळेला मिळते, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. पर्वणीला रामघाटावर बुडी मारत आले जन्मभर, पण हे पाणी पुढे कुठे जातं ते मला कोणी सांगितलं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून तिला मी एवढं बोलताना बघितलं नव्हतं ग. आता तिला सांगू का, की तुझं शिक्षण चमड्यावर चाललंय? ती दुसऱ्या दिवशी वर्ग सोडून पाटावर बसली असती."

मला रडू फुटलं. त्या पाटावरच्या बाईवर मी वर्षभर दुकानात हशा पिकवत होते. "माई, चुकलं माझं," मी म्हटलं.

"चुकलं तर आहेच," माई म्हणाल्या. त्यांनी मला खोटा दिलासा दिला नाही, याचं आजही मला बरं वाटतं. "शब्द द्यायचा अन् मागच्या दाराने मोडायचा, हे बरं नाही. पण आता शरयूला यातलं काही कळता कामा नये. हे धर ते टोक. अन् ओढ चांगलं."

मी टोक धरलं आणि ओढलं. माईंनी भिंतीचा आधार घेत, दुखरा गुडघा वळकटीवर दाबून गाठ मारली.

तेवढ्यात शरयूवहिनी हात पुसत बाहेर आल्या. "माई, झालं का? ट्रक भरला." मग त्यांचं लक्ष वळकटीकडे गेलं. "अगंबाई, ही पट्टी कुठली? मशीनच्या पट्ट्यासारखीच दिसते."

"बाबूलालने तेव्हा एक जास्तीची देऊन ठेवली होती," माई म्हणाल्या. "कापडाची आहे." आणि भिंत सोडून, माझ्याकडे न बघता, त्या हळूहळू ट्रककडे चालू लागल्या.